पंख्यांवरच्या कैलासवासींची बदली

नौपाड्यातल्या आमच्या मंगल कार्यालयात जिवंत माणसं भाड्याने येतात आणि संध्याकाळी खोल्या रिकाम्या करून जातात. कायम मुक्काम फक्त मयतांचा. पहिल्या पायरीवर एक कैलासवासी, वॉटर कूलरवर दुसरे, वरपक्षाच्या खोलीच्या दारावर एक अख्खं दांपत्य. वधूपक्षाच्या खोलीतल्या आरशावर एका वकिलांचं नाव लाल अक्षरांत आहे, बरोबर कपाळाच्या उंचीवर. तिथे उभी राहिलेली प्रत्येक नवरी त्या वकिलांना चुकवत टिकली लावत आली आहे.

सगळ्यात जास्त गर्दी छतावर होती. सोळा पंखे, आणि प्रत्येकाच्या प्रत्येक पात्यावर तेलरंगात 'कै. अमुक यांचे स्मरणार्थ'. पंखा सुरू झाला की मजकूर दिसेनासा होई. दिवंगतांचं स्मरण व्हायचं तर वीज जावी लागे, आणि वीज गेली की लोक त्यांची नावं वाचत घाम पुसत बसत.

कोकणातून ठाण्यात आलेल्या काही कुटुंबांनी वर्गणी काढून हे कार्यालय बांधलं. आता त्यांची मुलं-नातवंडं सभासद आहेत आणि बहुतेकांची लग्नं महामार्गालगतच्या लॉनवर होतात. गच्ची गळत होती. भिंतींच्या माथ्यावरचे झरोके प्लायवूड ठोकून बंद केलेले होते, कारण मधल्या काळात एसी बसवायचं ठरलं होतं. झरोके बंद झाले, एसी आला नाही. अंगणातल्या विहिरीवर स्लॅब टाकून सनईवाल्यांची सोय केली होती. सनईवाले यायचे बंद झाल्यावर तिथे स्कूटर लागू लागल्या.

या अवस्थेत संस्थेपुढे दोन प्रस्ताव होते. एक बिल्डरचा: इमारत पाडायची, वर टॉवर, खाली वातानुकूलित हॉल. दुसरा माझ्या बायकोचा. ती संस्थेची कार्यवाह. बँकेतून निवृत्त झाल्यावर तिने हे पद घेतलं, कारण दुसरं कोणी घेत नव्हतं. तिचं म्हणणं होतं की चांगल्या जाड भिंतींची इमारत पाडून नवी बांधायची आणि दारावर 'हरित' अशी पाटी लावायची ही लबाडी आहे. झरोके उघडा, विहीर साफ करा, गच्चीवरचं पाणी तिच्यात सोडा, छतावर सोलर बसवा, वीज कमी खाणारे पंखे लावा, थर्माकोल आणि प्लास्टिकला दारात अडवा, आणि जेवण स्टीलच्या ताटात वाढा.

"आणि हे झालं नाही तर?" मी विचारलं.

"तर मी कार्यवाहपद सोडेन. आणि त्या गल्लीतून भाजी आणायलाही जाणार नाही. भाजी तुम्ही आणायची."

आमच्याकडच्या भाजीचा दर्जा पणाला लागल्यामुळे मीही त्या कामात ओढला गेलो.

अध्यक्ष ऐंशीच्या पुढचे, धोतर नेसणारे, तोलून बोलणारे. त्यांनी बायकोच्या योजनेला वार्षिक सभेपर्यंत मुदत दिली. दरम्यान सुधारणा करून एक हंगाम कार्यालय चालवायचं, मग सभेत दोन्ही प्रस्तावांवर मतदान. अट एकच.

"कोणाच्या पितरांना धक्का लागता कामा नये," ते म्हणाले. "एका घराची जरी तक्रार आली, तरी सभेत मी तुमच्या बाजूने उभा राहणार नाही."

झरोके उघडणं सोपं होतं, त्यांना देणगीदार नव्हता. विहिरीलाही नव्हता. पंखे मात्र उतरवायचे तर सोळा घरांची संमती हवी होती. मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. निधनाच्या बातम्या आल्या की घरच्यांना फोन करून वय, गाव आणि मागे कोण कोण आहे हे विचारायचं काम वर्षानुवर्षं केलं होतं. बायकोच्या मते या कामाला माझ्याइतका लायक माणूस ठाण्यात नव्हता. फरक एवढाच की तेव्हा माणूस नुकता गेलेला असे. आता वीस-चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्यांची चौकशी करायची होती.

बहुतेकांना आपला पंखा आहे हेच ठाऊक नव्हतं. तो काढणार म्हटल्यावर मात्र तो त्यांना फार जवळचा झाला.

सगळ्यात दमवणारा पत्ता दिवा स्टेशनजवळचा होता. चौथा मजला, लिफ्ट नाही. दार एका पन्नाशीच्या बाईंनी उघडलं. त्यांचे सासरे कार्यालयात आचाऱ्याच्या हाताखाली होते, आणि ते गेल्यावर मुलांनी पंखा दिला होता. बाईंनी पाणी विचारलं. दारामागे भरून ठेवलेले हंडे-कळश्या पाहून बायकोने तहान नसल्याचं सांगितलं.

"असू दे ताई, प्या. टँकर आलेला सकाळी," बाई म्हणाल्या. "पंखा काढणार म्हणताय. काढा. मग तो आम्हाला द्याल का?"

"जुना आहे हो. वीज फार खातो," बायको म्हणाली.

"खाऊ दे. जिवंतपणी सासऱ्यांनी मला कधी पंख्याखाली बसू दिलं नाही. पंखा पुरुषमाणसांच्या डोक्यावर, मी चुलीपुढे. आता त्यांच्याच पंख्याखाली आडवी होणार दुपारची."

बायकोने लगेच होकार दिला. वीज वाचवण्यासाठी काढलेला पंखा दिव्याला जाऊन तेवढीच वीज खाणार होता. हा प्रकार बाईंनी इतर घरांना फोन करून सांगितला आणि सगळ्यांनाच आपापले पंखे हवेसे झाले. सोळाच्या सोळा पंखे ठाणे, दिवा, कल्याण आणि डोंबिवलीत विखुरले. त्यांतले काही आजही सुरू आहेत. पर्यावरणाच्या हिशेबात ते कुठे धरायचे, हे आम्ही एकमेकांना विचारत नाही.

नावांसाठी भिंतीवर एक फलक करायचं ठरलं. फलकावरच्या क्रमावरून भांडण निघालं. वर्णानुक्रम नको, कारण काही घराणी कायम शेवटी जात. वयानुसार नको, कारण तरुण वारलेल्यांवर अन्याय. शेवटी फलकावर छताचा नकाशा काढला आणि ज्याचा पंखा जिथे होता तिथे त्याचं नाव घातलं. यावर सगळे राजी झाले आणि तिथेच घोटाळा झाला. कोण कुठे होतं हे पहिल्यांदाच सगळ्यांना एका नजरेत दिसलं.

अध्यक्षांचा मुलगा माजिवड्याला एका उंच इमारतीत राहतो. फलक पाहायला आला आणि दाराजवळच्या चौकटीवर बोट ठेवून उभा राहिला.

"हे चपलांचं रॅक ना? आमचे आजोबा चपलांवर?"

"आधीपासून तिथेच आहेत," बायको म्हणाली.

"कोणी ठरवलं?"

"तुमच्या वडिलांनी."

अध्यक्ष शेजारीच खुर्चीत बसले होते. "दाराशी सगळ्यांना वारा लागतो," ते म्हणाले. "आणि अध्यक्षाच्या बापाने मधोमध बसू नये."

"बाबा, तुमचा साधेपणा आजोबांना कशाला?"

मुलाने तोडगा स्वतःच काढला. सोलरच्या पहिल्या रांगेचा खर्च तो करणार, म्हणजे आजोबा चपलांवरून थेट गच्चीवर. बायकोला पॅनल हवेच होते. नाव गच्चीच्या दाराशी एका लहान पाटीवर लावू, असं तिने सांगितलं. तो 'बघू' म्हणाला. आमच्या संस्थेत 'बघू' या शब्दाने होकार, नकार आणि बेसावध माणसाला धोक्याची सूचना, अशी तीनही कामं होतात. त्या वेळी ती सूचना आम्हाला मिळाली नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि पहिलं बुकिंग आलं. झरोके उघडे होते, विहिरीत पाणी होतं, नवे पंखे आवाज न करता फिरत होते. केटररने स्टीलच्या ताटांवरून बायकोशी दोनदा भांडण केलं आणि दोनदा हरला. त्या दिवशी कुठलीशी दुरुस्ती निघाल्यामुळे परिसरात सकाळपासून वीज नव्हती. बायकोला त्याचं उलट बरं वाटलं. शेजारच्या हॉलचा जनरेटर धूर सोडत होता आणि आमच्याकडे सगळं सोलरच्या बॅटरीवर चाललं होतं. सभासदांच्या ग्रुपवर टाकायला तिने पंख्यांचा व्हिडिओही काढला.

तिसऱ्या मंगलाष्टकाला माइक बंद पडला. पाठोपाठ पंखे मंदावले आणि थांबले. गुरुजींनी आवाज चढवला, पण मागच्या रांगांना 'सावधान' ऐकू येईना. त्यांनी अंदाजाने अक्षता टाकायला सुरुवात केली. पुढच्यांना वाटलं, आपलं चुकलं, म्हणून त्यांनीही टाकल्या. मंगलाष्टकं संपली तेव्हा कोणाच्याच हातात अक्षता उरल्या नव्हत्या आणि मुहूर्ताच्या नेमक्या क्षणी नवरानवरीवर काहीही पडलं नाही.

नवऱ्याचे मामा घामाने भिजलेला सदरा चिमटीत धरून बायकोपाशी आले.

"पर्यावरण छान आहे हो तुमचं," ते म्हणाले. "वारा कधी सुटणार?"

बायकोने सोलरच्या कंत्राटदाराच्या इंजिनिअरला फोन लावला. त्याने त्याच्या ऑफिसातून आमच्या वीजनिर्मितीचा आलेख पाहिला.

"मॅडम, एक लाइन झोपलीय. ढग असतील."

"इथे ऊन आहे."

"मग कबुतरं. नौपाड्यात कबुतरं लई. पॅनल धुवून घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बादली आणि मॉप घेऊन गच्चीवर गेलो. पॅनल गच्चीपासून चांगले पुरुषभर उंचीवर बसवलेत, त्यामुळे शिडी लावावी लागली. बायको वर चढली आणि तिथेच थांबली.

"कबुतरं?" मी खालून विचारलं.

"नाही. आजोबा."

पहिल्या रांगेतल्या चार पॅनलांच्या काचेवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पिवळ्याधमक तेलरंगात अध्यक्षांच्या वडिलांचं नाव होतं. आधी 'कैलासवासी', पूर्ण लिहिलेलं. मग नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव आणि तालुका. भोवती वेलबुट्टी. कार्यालयाच्या जुन्याच पेंटरने लिहिलेलं, अक्षर सुरेख. वाचायला विमानातून जावं लागलं असतं. एका रांगेतले पॅनल एकमेकांना बांधलेले असतात आणि एकाचा श्वास कोंडला की सगळी रांग धापा टाकते, हे इंजिनिअरने फोटो पाहिल्यावर सांगितलं. त्याआधी तो बराच वेळ हसला. काचेला ब्लेड लावू नका, एवढीच तांत्रिक सूचना त्याने दिली.

अध्यक्षांच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "सोलरला ऊन लागतं हे मला कळतं. पण चार अक्षरांनी असं किती अडणार?"

अक्षरं चार नव्हती.

बायको अध्यक्षांकडे गेली. मीही गेलो. ते झोपाळ्यावर बसले होते. तिने फोनवर फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, मोठा करून गावाच्या नावापर्यंत गेले, मग फोन परत दिला.

"हे पुसल्याशिवाय चालणार नाही?"

"नाही. तोच हॉल, तेच पंखे. लग्नात पुन्हा बंद पडले तर सभेत माझं काय होईल, तुम्हाला माहीत आहे."

"बापाचं नाव पुसा असं मी सांगणार नाही," ते म्हणाले. "पुसू नका असंही सांगणार नाही. कार्यवाह तुम्ही आहात."

"म्हणजे पाप माझं आणि वीज संस्थेची."

"तसंच समजा."

"आणि तक्रार आली तर?"

"अट अटच आहे," अध्यक्ष म्हणाले आणि पायाने झोपाळ्याला झोका दिला.

पुसायचं म्हणजे तक्रार ओढवून घ्यायची. न पुसायचं म्हणजे हॉल बंद पाडायचा. दोन्हीकडून बिल्डरच जिंकत होता. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "न चालणारा हॉल वाचवून काय करायचंय?"

सकाळी ऊन चढायच्या आत ती पुन्हा वर गेली, टर्पेंटाइन आणि जुन्या पंच्याचे तुकडे घेऊन. शिडीवर चढण्यापूर्वी तिने चपला काढल्या. 'कैलासवासी'वर पहिला बोळा ठेवताना "माफ करा हं काका" असं म्हणाली आणि मग घासायला लागली. रंग चांगल्या प्रतीचा होता. पेंटरने कामात कुठेही कसूर केलेली नव्हती. तालुक्यापर्यंत पोहोचेतो तिचा हात भरून आला. उरलेली वेलबुट्टी मी घासली.

दुपारपासून आलेख वर चढला. त्याच दुपारी सभासदांच्या ग्रुपवर मुलाने दोन फोटो टाकले, पुसण्याआधीचा आणि नंतरचा. खाली एक ओळ: 'कार्यवाहांनी आमच्या आजोबांना गच्चीवरून काढलं.' पुढे हात जोडलेल्यांची आणि रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. ज्यांनी आपले पंखे घरी नेऊन टांगले होते, त्यांनीही रडणारे चेहरे टाकले. हंगामातली पुढची लग्नं वीज असताना आणि नसताना सुरळीत पार पडली. ग्रुपवर त्याची नोंद कोणी घेतली नाही.

सभा त्याच हॉलमध्ये झाली. नेहमी गणपूर्तीसाठी अर्धा तास थांबावं लागे, या वेळी खुर्च्या कमी पडल्या. बायकोने झालेलं काम सांगितलं: पंखे, विहीर, पॅनल, ताटं. कोणी प्रश्न विचारला नाही. मग अध्यक्षांचा मुलगा उठला आणि आजोबांवर बोलला. चांगलं बोलला. आजोबा गावाहून कसे आले, इथे विटा त्यांनी स्वतः कशा वाहिल्या आणि शेवटी टर्पेंटाइनने कसे पुसले गेले. बायको समोर बघत होती. अध्यक्ष छताकडे बघत होते.

नंतर बिल्डरच्या माणसाने पडद्यावर टॉवर दाखवला. टॉवर भोवतीच्या कोणत्याही झाडापेक्षा हिरवा होता. हॉलमध्ये गारवा, झुंबरं, दोन लिफ्ट. लोक पुढे सरकून बघत होते. बाजी गेली असं मला वाटलं. बायकोने पर्स मांडीवर घेतली, म्हणजे तिलाही तेच वाटलं.

दिव्याच्या बाई मागच्या रांगेतून उठल्या.

"साहेब, यात आमच्या सासऱ्यांचं नाव कुठे येणार?"

"छान प्रश्न, ताई," तो म्हणाला. "प्रवेशद्वाराशी मोठी डिजिटल स्क्रीन. सगळ्या देणगीदारांची नावं, फोटोसकट, फिरत राहणार."

"फिरत म्हणजे?"

"एक नाव येणार, मग पुढचं."

"एक नाव किती वेळ?"

त्याने मदतनिसाकडे पाहिलं. "सहा-सात सेकंद."

हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. पुढच्या रांगेतल्या एका काकांनी शेजाऱ्याला हिशेब विचारला. नावं भरपूर होती. एकदा आलेलं नाव पुन्हा यायला किती वेळ लागेल हे ज्याने त्याने आपापल्या बोटांवर मोजून पाहिलं.

"म्हणजे आमच्या मुलीची वरात दारात आली आणि तेव्हा दुसऱ्या कुणाचे वडील चालू असले तर?" काका म्हणाले.

"आणि मध्येच जाहिरात लागणार का?" कोणीतरी विचारलं.

बिल्डरचा माणूस प्रामाणिक निघाला. "स्क्रीनचा मेंटेनन्स निघायला हवा ना," तो म्हणाला.

त्यानंतर त्याच्या झुंबरांकडे कोणी पाहिलं नाही. हात वर करून मतदान झालं. टॉवर पडला, मोठ्या फरकाने. अध्यक्षांनी अट पाळली. बायकोच्या बाजूने ते उभे राहिले नाहीत. बसूनच हात वर केला. मुलाने दोन्ही वेळा हात खिशात ठेवले.

घरी जाताना बायकोचं मी अभिनंदन केलं.

"एकाच्या तरी तोंडून पर्यावरण ऐकलंत?" ती म्हणाली. "विहिरीबद्दल कोणी एक शब्द बोललं?"

"ठराव तर झाला."

"ठराव सहा सेकंदांवर झाला."

वाटेत तिने भाजी घेतली. त्याच गल्लीतून.

पुढच्या आठवड्यात अध्यक्षांचा मुलगा कार्यालयात आला, पेंटरला बरोबर घेऊन. पेंटर दाराशीच थांबला. मुलगा बायकोच्या टेबलासमोर बसला आणि टेबलावरचा पेपरवेट फिरवायला लागला.

"काकू, पॅनलच्या मागच्या बाजूला लिहिलं तर?"

तिने इंजिनिअरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मागे लिहिलं तर वॉरंटी जाईल, तो म्हणाला. आणि या वेळी कोणाचं नाव आहे, असंही त्याने विचारलं. तिने फोन ठेवला.

"लोखंडी खांबावर लिहा," ती म्हणाली. "गच्चीवर चार खांब आहेत. जिन्यासमोरचा घ्या."

"तिथे कोण बघणार?"

"वर सावली चांगली पडते. लोक हळदीला गच्ची मागतायत."

तो पेपरवेट फिरवायचा थांबला. "मार्चमध्ये मोकळी आहे? माझ्या मुलीची आहे हळद."

"आहे. थर्माकोल नाही, फुगे नाहीत."

"डीजे?"

"नाही."

"मग ढोल तरी."

"साडेनऊपर्यंत."

"दहा करा ना काकू. घरचंच कार्य आहे."

"साडेनऊ," ती म्हणाली आणि पेंटरला आत बोलावून खांब दाखवायला निघाली.